कोल्हापूरच्या मेस्त्रींचा कॅमेरा

भाईंदरहून उत्तनला गेले की गावाच्या टोकाला समुद्र लागतो आणि किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या दिसतात. कोळी बांधवांच्या त्या लाकडी होड्यांवर रंग असतो, निशाणे असतात, क्रूस असतो, नाव असते. पण कोणत्या कारखान्यात त्या तयार झाल्या हे सांगणारी पट्टी मात्र नसते. पावसाळा संपल्यावर त्या होडीच्या भरवशावर माणसे समुद्रात जातात. हा भरवसा कशावर असतो? फळीला फळी कशी बसली आहे, सांधा कसा भरला आहे, सुतार कोण होता, यावर. अलीकडे फायबरच्या होड्या आल्या तरी पारखण्याची ही रीत फारशी बदललेली नाही.

शहरातल्या आपणा मंडळींची रीत वेगळी आहे. कॅमेरा घ्यायला दुकानात गेलेला ग्राहक आधी नाव विचारतो. जपानी की जर्मन, सांगाडा धातूचा की प्लास्टिकचा, पावसाचे चार थेंब पडले तर चालेल का, झडप किती लाख वेळा उघडझाप करील, दुरुस्तीची सोय कुठे आहे, असे प्रश्न त्यानंतर येतात. प्रश्न रास्तच आहेत. परंतु त्यांची उत्तरे आपण स्वत: क्वचितच तपासतो, कंपनीचे नाव मोठे असले की समाधान मानतो. नाव मोठे म्हणून यंत्र खरे, की यंत्र खरे म्हणून नाव मोठे, हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी कोल्हापुरातल्या एका तरुण चित्रकारापुढे फार कठोर रूपात उभा राहिला होता. विश्वास ठेवावा असे नामांकित यंत्र विकत घेण्याची ऐपत त्याच्यापाशी नव्हती. म्हणून विश्वास ठेवता येईल असे यंत्र त्याने स्वत:च घडवले. कलामहर्षी बाबूराव पेंटर या नावाने महाराष्ट्र त्याला ओळखतो.

मेस्त्रींचे घर

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. घर कारागिरांचे होते. लाकूड, धातू, माती आणि रंग ही त्या घरातली रोजची सामग्री. शाळेचे शिक्षण बाबूरावांना फारसे लाभले नाही आणि कलाशाळेची पायरीही ते चढले नाहीत. जे शिकले ते पाहून आणि हाताने करून. नात्याने भाऊ असलेले आनंदराव मेस्त्री हे त्यांचे सहकारी, स्पर्धक आणि एका अर्थाने गुरूही होते. आनंदरावांचा ओढा चित्रकलेइतकाच यंत्रांकडे होता. एखादी वस्तू कशी चालते हे उलगडून पाहिल्याखेरीज त्यांना चैन पडत नसे.

राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीतले ते कोल्हापूर होते. कुस्ती, गाणे, नाटक आणि चित्रकला यांना तेथे मान होता आणि आश्रयही होता. नाटक मंडळ्यांना रंगवलेले पडदे लागत. राजवाडा, अरण्य, रस्ता, नदीकाठ अशी दृश्ये भव्य कापडावर उतरवणारे हे दोन भाऊ पाहता पाहता नावारूपाला आले. १९१० नंतरच्या पाच-सहा वर्षांत त्यांनी रंगवलेल्या पडद्यांनी संगीत नाटकांची आणि गुजराती-पारसी रंगभूमीचीही शोभा वाढवली. केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्श मंडळीच्या पडद्यांशी त्यांचे नाव जोडले गेले. लोक त्यांना मेस्त्रींऐवजी पेंटर म्हणू लागले आणि व्यवसायाचे ते नाव पुढे आडनाव होऊन बसले.

पडदा रंगवणाऱ्याला एक गोष्ट लवकर उमगते. सपाट कापडावर खोलीचा भास निर्माण करायचा असेल तर प्रकाश कोठून येतो आणि सावली कोठे पडते याचा हिशेब चुकता कामा नये. हा हिशेब बाबूरावांच्या हाडीमासी मुरला होता. चलच्चित्राचे नवे जग त्यांच्यापुढे उघडले तेव्हा या हिशेबाला यंत्राची जोड मिळाली.

विलायती पेटी

आपल्याकडे सिनेमाचे यंत्र आले ते परदेशी मालाच्या रूपाने. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ झाला. तो पाहून भारावलेले हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी इंग्लंडच्या रायली ब्रदर्स या पेढीकडून २१ गिनी मोजून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमधल्या कुस्तीचे चित्रण केले. चित्रफीत धुण्यासाठी मात्र तिला लंडनची वारी करावी लागली. चित्र उमटले की नाही हे कळायलाच आगबोटीचा जाण्यायेण्याचा काळ जाई.

पुढे १९१२ मध्ये दादासाहेब फाळके यांनी आयुष्याचा विमा गहाण ठेवून लंडन गाठले. तेथे जाणकारांचा सल्ला घेऊन त्यांनी विल्यमसन कंपनीचा कॅमेरा पसंत केला. किंमत होती सुमारे ५० पौंड. परत आल्यावर त्यांनी एकदम मोठ्या चित्रपटाला हात घातला नाही. कुंडीत रुजलेल्या वाटाण्याच्या रोपाचे एकेक चित्र ठरावीक अंतराने घेत त्यांनी एक छोटी फीत तयार केली. त्या फितीने दोन कामे केली. यंत्र भरवशाचे आहे याची फाळक्यांना खात्री पटली आणि माणूस भरवशाचा आहे याची भांडवल देणाऱ्याला. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला.

या काळातला कॅमेरा म्हणजे दिसायला एक साधी लाकडी पेटी. पुढे भिंग आणि बाजूला हाताने फिरवायचा दांडा. आतले काम मात्र नाजूक असे. सेकंदाला साधारण दोन फेरे या गतीने दांडा फिरवला की एका फेऱ्याला आठ याप्रमाणे सेकंदाला सोळा चित्रे उमटत. प्रत्येक चित्रासाठी फीत क्षणभर पूर्ण थांबली पाहिजे, झडप उघडली पाहिजे, मिटली पाहिजे आणि मग एका आकड्याने फितीच्या कडेच्या छिद्रांत शिरून तिला नेमकी चार छिद्रे खाली ओढली पाहिजे. हा आकडा केसभर इकडेतिकडे झाला की पडद्यावर चित्र थरथरते. पेटीच्या सांध्यातून प्रकाशाची एक तिरीप आत शिरली की सगळी फीत काळवंडते. फीत सरकते ती पट्टी खडबडीत राहिली तर चित्रावर उभे ओरखडे उठतात.

त्यात आपली हवा. विलायतेच्या थंडीत बेताने बसवलेले लाकूड येथल्या पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. उष्ण प्रदेशांतला हा त्रास पुढे जगभर ओळखला गेला. अमेरिकेतल्या बेल अँड हॉवेल कंपनीने १९१२ च्या सुमारास संपूर्ण धातूचा कॅमेरा आणला, त्यामागे आफ्रिकेच्या सफरीवर एका प्रवाशाचा लाकडी कॅमेरा वाळवीने खाल्ल्याची हकीकत सांगितली जाते. हकीकतीचा खरेखोटेपणा बाजूला ठेवला तरी तिचा आशय खोटा नाही. यंत्राची पारख कारखान्याच्या दारात पुरी होत नाही. जेथे ते वापरायचे तेथल्या हवेत ती व्हावी लागते.

जुन्या बाजारातले यंत्र

‘राजा हरिश्चंद्र’ पाहून आनंदराव आणि बाबूराव अस्वस्थ झाले. पडद्यावर रंगवलेले अरण्य हलत नाही आणि येथे तर झाडांची पानेसुद्धा हलत होती. आपणही चित्रपट काढायचा, असे दोघांनी ठरवले. पण विलायतेला जाण्याइतका पैसा नव्हता, ओळखी नव्हत्या, इंग्रजीचे पाठबळ नव्हते. १९१४ मध्ये महायुद्ध पेटले आणि परदेशी यंत्रसामग्री मागवणे आणखी अवघड झाले.

तेव्हा या भावांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून चित्रपट दाखवण्याचे एक वापरलेले यंत्र मिळवले. त्यावर खेळ करून त्यांनी चार पैसे जोडण्याचा प्रयत्न केला आणि चित्रपट घडतो कसा याचा अभ्यासही त्याच यंत्रावर केला. दाखवण्याचे यंत्र घेऊन चित्रण करण्याचे यंत्र बनवायचे, ही कल्पना आज विलक्षण वाटते. पण तिच्यात तर्क होता. ल्युमिए बंधूंचे मूळ यंत्र चित्रण आणि प्रदर्शन ही दोन्ही कामे करीत असे. फीत थांबवत थांबवत पुढे ओढणारी रचना दोहोंत सारखीच. एकात प्रकाश बाहेरून आत येतो, दुसऱ्यात आतून बाहेर जातो. ज्याने ही रचना समजून घेतली त्याच्या दृष्टीने प्रक्षेपक हा कॅमेऱ्याचा सख्खा भाऊच होता.

मात्र समजणे वेगळे आणि घडवणे वेगळे. प्रक्षेपकात जी चूक खपते ती कॅमेऱ्यात खपत नाही, कारण कॅमेऱ्यातली चूक फितीवर कायमची उमटते. अंधारी पेटी, झडप, आकडा, दातेरी चाके या साऱ्यांचा मेळ जमवताना वर्षे गेली. यंत्राचा खरा ध्यास आनंदरावांचा होता. १९१६ मध्ये त्यांचे अकाली निधन झाले आणि कॅमेरा अपुराच राहिला.

बाबूरावांच्या आयुष्यातला हा सर्वांत कसोटीचा काळ म्हणावा लागेल. भाऊ गेला होता आणि ज्याच्या बोटांना त्या यंत्राची भाषा कळत होती तो माणूसच गेला होता. पडदे रंगवण्याचा चालता धंदा हाताशी होता. त्याकडे परतले असते तर कोणी दोष दिला नसता. ते परतले नाहीत. विष्णुपंत गोविंद दामले हा यंत्रात रमणारा शिष्य त्यांच्याबरोबर होता. दोघांनी आनंदरावांचे अपुरे काम पुढे नेले आणि १९१८ मध्ये चित्रण करू शकणारा कॅमेरा उभा केला.

या कॅमेऱ्याचे वर्णन पुढे स्वदेशी कॅमेरा असे होऊ लागले. त्या शब्दामागचा अभिमान समजण्यासारखा आहे. परंतु नीट पाहिले तर वस्तुस्थितीचे मोल अभिमानाहून कमी ठरत नाही. कच्ची फीत परदेशातूनच येई. चित्रणाची भिंगे तेव्हा आपल्या देशात बनत नसत. मूळ बैठकही एका वापरलेल्या यंत्राच्या अभ्यासाची. स्वदेशी होते ते यंत्राचे ज्ञान. विलायती कॅमेरा बिघडला तर तो उघडायचे धाडस करणारा माणूस मिळणे कठीण होते. हा कॅमेरा ज्यांनी घडवला त्यांना त्याचा प्रत्येक खिळा ठाऊक होता. भरवसा या शब्दाला याहून भक्कम आधार कोणता?

‘सैरंध्री’चा कौल

कॅमेरा झाला तरी भांडवलाचा प्रश्न होताच. तो सोडवला तानीबाई कागलकर या गायिकेने. ज्या यंत्रावर कोणा नामांकित कंपनीची मोहोर नाही आणि ज्या माणसाने एकही चित्रपट काढलेला नाही, त्याच्यावर एका कलावतीने आपली कमाई लावली. महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली ती या विश्वासावर. व्यापारी हिशेबात न बसणारा हा निर्णय मराठी चित्रपटाच्या इतिहासात जितका आदराने सांगितला जावा तितका सांगितला जात नाही.

कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरात झळकला. फाळक्यांना तारामतीसाठी पुरुष नट घ्यावा लागला होता. बाबूरावांनी स्त्रियांच्या भूमिकांत स्त्रियाच उभ्या केल्या. गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघी पुढे कमलादेवी आणि सुशीलादेवी या नावांनी ओळखल्या गेल्या. चित्रपटात जाण्याबद्दल दोघींना समाजाचा रोष सोसावा लागला.

‘सैरंध्री’तले कीचकवधाचे दृश्य इतके प्रत्ययकारी वठले होते की प्रेक्षक हादरले. अखेर ते दृश्य कापावे लागले. दिग्दर्शकाला ही आपत्ती वाटली असेल. पण घरी घडवलेल्या कॅमेऱ्याला याहून मोठे प्रशस्तिपत्र मिळणे शक्य नव्हते. चित्र थरथरले असते, अंधुक असते, ओरखड्यांनी भरले असते तर लोक हसले असते, फार तर कंटाळले असते. लोक घाबरले, याचा अर्थ समोर दिसते ते खरे आहे असे त्यांना वाटले. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना सुवर्णपदक दिले आणि सिनेमा केसरी ही पदवीही. लोकमान्यांच्या आयुष्याचे ते अखेरचे वर्ष होते.

यंत्रापलीकडे

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. बाबूरावांनी कॅमेरा घडवला; परंतु ते कॅमेऱ्याचे कारखानदार झाले नाहीत. त्यांच्या दृष्टीने यंत्र हे साधन होते. ते विश्वासू झाल्यावर त्यांचे लक्ष त्यातून दिसणाऱ्या चित्राकडे वळले. रंगवलेल्या सपाट पडद्यांवर ज्यांनी नाव मिळवले त्यांनीच चित्रपटातून ते पडदे हटवले आणि खोली असलेले नेपथ्य उभारले. चित्रणापूर्वी ते वेशभूषेची, पात्रांच्या हालचालींची रेखाटने करीत. १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला आणि शिवरायांची भूमिकाही स्वत: केली. उन्हावर अवलंबून असलेल्या मूकपटाला त्यामुळे रात्र गवसली. चित्रपटाची सचित्र माहितीपुस्तिका, हाताने रंगवलेली भित्तिपत्रके या आज नेहमीच्या वाटणाऱ्या गोष्टींतही त्यांचा पुढाकार होता. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चा गौरव लंडनजवळच्या वेम्बली प्रदर्शनात झाला.

१९२५ मध्ये आलेला ‘सावकारी पाश’ हा त्यांच्या कर्तृत्वाचा कळस मानला जातो. नारायण हरी आपटे यांच्या कथेवरचा हा चित्रपट देवदेवतांना सोडून कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याच्या दारात गेला. जमीन सावकाराच्या घशात गेल्यावर शहरातल्या गिरणीची वाट धरणारा तो तरुण शेतकरी व्ही. शांताराम यांनी उभा केला. पौराणिक चमत्कारांना सरावलेल्या प्रेक्षकांनी या चित्रपटाला हवा तसा आश्रय दिला नाही. परंतु भारतीय चित्रपटातल्या वास्तववादाची चर्चा आजही त्याच्यापासून सुरू होते. चमत्कार दाखवण्यासाठी कॅमेऱ्यावर भरवसा ठेवणे सोपे असते. जे आहे ते तसेच दाखवण्यासाठी ठेवलेला भरवसा अधिक महाग पडतो आणि बाबूरावांनी ती किंमत मोजली.

कामाच्या बाबतीत ते चोखंदळ होते, लहरीही होते. मनासारखे होईपर्यंत ते पुढे सरकत नसत. कंपनी चालवायला लागणारा व्यवहारी वेग त्यांच्यापाशी नव्हता. १९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर या शिष्यांनी बाहेर पडून सीताराम कुलकर्णी यांच्या साथीने कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ने बोलपटांचे युग सुरू केले आणि त्याच सुमारास महाराष्ट्र फिल्म कंपनीचे दिवस संपले. कॅमेऱ्याच्या जोडीला आता आवाजाचे यंत्र आले होते. ते जुन्या बाजारातून उचलून घरी घडवण्याजोगे राहिले नव्हते. बाबूरावांनी पुढे ‘उषा’, ‘प्रतिभा’ असे बोलपट केले, ‘सावकारी पाश’ बोलपटाच्या रूपात पुन्हा केला, १९४७ च्या ‘लोकशाहीर रामजोशी’शीही त्यांचे नाव जोडलेले आहे, पण मूकपटांतला तो दबदबा परत आला नाही. मन मात्र चित्रकलेत आणि शिल्पात रमत राहिले. १९४५ मध्ये कोल्हापूरच्या शिवाजी चौकात उभा राहिलेला शिवरायांचा पुतळा त्यांच्याच हातचा. १६ जानेवारी १९५४ रोजी त्यांचे निधन झाले.

उरलेला ऐवज

बाबूरावांच्या मूकपटांपैकी आज पाहायला मिळते ते अगदी थोडे. त्या काळच्या नायट्रेट फितीला आग पटकन लागे आणि आगीतून वाचलेली फीत काळाच्या ओघात विरून जाई. यंत्र कितीही भक्कम असले तरी त्याने टिपलेले टिकेलच असे नाही, ही जाणीव आजच्या काळातही उपयोगी पडावी. कॅमेऱ्याच्या मजबुतीची चौकशी करणारे आपण, काढलेल्या छायाचित्रांच्या जपणुकीची चौकशी किती करतो?

पण सगळेच विरले असे नाही. जुने यंत्र उघडून शिकलेले विष्णुपंत दामले प्रभातचा आधारस्तंभ झाले. दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘संत तुकाराम’ने १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात मान मिळवला. प्रभात १९३३ मध्ये पुण्याला आली होती. तिच्याच जागेत १९६० साली चित्रपट शिक्षणाची राष्ट्रीय संस्था सुरू झाली. तेथे देशभरातून आलेले विद्यार्थी आजही कॅमेरा हाताळायला शिकतात. कोल्हापुरातही कॅमेऱ्याचे शिल्प उभारून या गावाने आपल्या मेस्त्रींचे स्मरण ठेवले आहे. एखाद्या शहराने यंत्राला असे वंदन करावे, हे दृश्य दुर्मीळच.

नामांकित कंपनीचा कॅमेरा घेण्यात काही गैर नाही. फाळक्यांनी विल्यमसन घेतला तो विचारपूर्वक, आणि घेतल्यावर एका रोपट्यावर पारखून घेतला. बाबूरावांना निवडीची मुभा नव्हती, म्हणून त्यांनी यंत्राच्या पोटात शिरून ते जाणून घेतले. दोघांच्या वाटा वेगळ्या असल्या तरी नावावर डोळे मिटून विसंबून राहणे दोघांनीही टाळले. उत्तनचा कोळी होडीच्या फळीवरून हात फिरवून सांधा तपासतो, तेव्हा तोही याच परंपरेत बसतो. समुद्रावर गेल्यानंतर होडीच्या नावाचा उपयोग नसतो. सांधा पक्का असावा लागतो.